कॅसेट माझ्या कपाटात आहे, एवढंच

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. तुम्ही एकटेच विचारता असं नाही. लग्नाच्या पंगतीत भेटलेला वर्गमित्र विचारतो, रेकॉर्डी जमवणारी विशी-पंचविशीतली पोरं विचारतात, आणि आमच्या जुन्या बँडचा बासवाला न्यू जर्सीहून दर दिवाळीला शुभेच्छांच्या खाली विचारतोच: "अरे, आपले ते डेमो कधी काढतोयस? क्लॅन ऑफ झायमॉक्सचे निघाले की!"

हे शेवटचं वाक्य झोंबतं. झायमॉक्स या डच बँडचे डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची रेकॉर्डिंगं, निघाले, खरं आहे. 1983मध्ये नायमेखेनच्या त्या मंडळींनी 'सब्सिक्वेंट प्लेझर्स' ही रेकॉर्ड स्वतःच काढली, प्रती फक्त 500. मग डेड कॅन डान्स या बँडच्या ब्रेंडन पेरीशी ओळख, त्यांच्याबरोबर इंग्लंडचा दौरा, फोर-एडी हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, 1985चा अल्बम. हा इतिहास तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ आहे, सोडून देतो. 1994मध्ये ती रेकॉर्ड सीडीवर आली, सोबत त्या काळातले डेमोही आले. पुढं सॅन फ्रान्सिस्कोच्या डार्क एंट्रीज या लेबलनं ती पुन्हा एलपीवर काढली. ज्या 500 प्रतींसाठी लोक जीव टाकायचे, ते संगीत आता कुणालाही मिळतं. चांगलंच झालं. पण म्हणून आमचंही निघालंच पाहिजे, हा कुठला न्याय?

आता तुम्ही माझं जुनं बोलणं उकरून काढण्याआधी मीच सांगतो. ती सीडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी चिडलो होतो. डेमो म्हणजे ओटा. पाहुण्याला ताट वाढावं, ओटा कशाला दाखवायचा, असं मी तेव्हा जो भेटेल त्याला ऐकवायचो. 'मस्कोव्हिएट मॉस्किटो'चं उदाहरण द्यायचो. 1987च्या 'लोनली इज ॲन आयसोअर' या फोर-एडीच्या संकलनात ते आहे, तेच खरं गाणं. 83चं म्हणजे त्याचा कच्चा खर्डा. पुढं वयाबरोबर कान उलटे झाले. 83च्या त्या रेकॉर्डमध्ये ड्रम मशीनचा ठोका कोरडा, अगदी पुढ्यात आहे, आणि त्यांच्या गायकाचा, मूरिंग्जचा आवाज आपल्याला अजून कुणी ऐकलेलं नाही हे माहीत असलेल्या माणसाचा आहे. नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये ते माहीत नसणं संपलं. यातलं चांगलं कुठलं? तिशीतला मी आणि आत्ताचा मी एका टेबलाशी बसलो तर रात्र सरेल, निकाल लागणार नाही.

आमच्याकडे हे संगीत आलं कोरेगाव पार्कातून. 1987च्या सुरुवातीला रजनीश पुण्यात परतले आणि त्यांच्यामागून जर्मन, डच मंडळींची पुन्हा रीघ लागली. ती परत जायला निघाली की सामान विकून टाकायची. सायकली, वॉकमन, स्लीपिंग बॅगा. तशाच एका जर्मन गृहस्थाकडून आम्हाला ड्रम मशीन मिळालं, आणि एका डच मुलीकडून नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला झायमॉक्सचा 85चा अल्बम, दुसऱ्या बाजूला त्यांचाच 'मेड्युसा'. कॅसेटवर बॉलपेननं नावं लिहिलेली. त्या कॅसेटनं आमच्या तिघांचं भलतंच नुकसान केलं. मस्कतच्या मामेभावानं चार ट्रॅकचं पोर्टास्टुडिओ, म्हणजे कॅसेटवर रेकॉर्डिंग करायचं यंत्र, आणलं तेव्हा ते पूर्ण झालं.

कॅसेट असेल तर घाला डेकमध्ये आणि करा फाइल, असं सांगणारे बरेच असतात. त्यांच्यासाठी: साध्या कॅसेटवर दोन बाजूंना दोन-दोन ट्रॅक असतात. हे यंत्र चारही ट्रॅक एकाच दिशेनं, तेही दुप्पट वेगानं रेकॉर्ड करतं. ती कॅसेट घरच्या डेकमध्ये लावली की एका बाजूला सगळं निम्म्या वेगानं, घोगरं, आणि बाजू पलटली की उरलेले दोन ट्रॅक चक्क उलटे. माझ्या भाच्यानं एकदा लावली आणि घाबरून बंद केली. शिवाय आपल्याकडचा पावसाळा. टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते, आतल्या पत्रीवरचा नमद्याचा तुकडा गळून पडतो आणि वरचे सूर, म्हणजे आमच्या गायिकेचे स, श, सगळे बुजतात. नवा तुकडा चिकटवायचा, हेडचा कोन बारीक स्क्रूड्रायव्हरनं कानानं जुळवायचा.

हे सगळं मी लोकांना इतकं रंगवून सांगतो कारण तांत्रिक अडचण म्हटली की माणसं गप्प बसतात. काम केव्हाच झालंय. फाइल तयार आहेत, मिक्ससुद्धा झालाय.

अडलंय ते दुसरीकडं.

1990चं गॅदरिंग. कॅम्पातलं एक कॉलेज, नाव राहू द्या. आमची गायिका पेठेतली. मराठी शाळा, घरात बाजाची पेटी, गांधर्वच्या परीक्षा दिलेल्या. आवाज खालच्या पट्टीत असा लागायचा की खोलीतली माणसं बोलायची थांबायची. शब्द इंग्रजीत, मी लिहिलेले. का इंग्रजीत? तर झायमॉक्स इंग्रजीत गातात म्हणून, दुसरं कारण नाही. डच माणसं ॲमस्टरडॅममध्ये बसून इंग्रजीत गातात तर आम्ही नारायण पेठेत का नाही? तिनं ते शब्द वहीत देवनागरीत उतरवून घेतले होते. 'एव्हरी विंडो इन द वर्ल्ड इज वॉटर'. श्वास घ्यायच्या जागी स्वल्पविराम, मींड असेल तिथं अक्षराखाली बाकदार रेघ. आणि गाताना प्रत्येक र पुरा, प्रत्येक ट पुरा, व आणि डब्ल्यू एकच.

पहिल्या कडव्यानंतर तिसऱ्या-चौथ्या रांगेतून कुणीतरी शेवटचा शब्द तिच्या ढंगात परत म्हटला. "वर्रल्ड!" हशा. पुढच्या ओळीला आणखी चार जण. मग "व्हर्नी, व्हर्नी!" अशी आरोळी. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांचं नशीब थोर. व्हर्नॅक्युलर माध्यमातल्या पोरांना इंग्रजी माध्यमवाले तेव्हा असं म्हणायचे. हळूहळू सभागृहाला चाळाच लागला. ती ओळ म्हणायची, ते शेवटचा शब्द म्हणायचे. तिनं दुसरं कडवं सोडलं नाही. सूरही ढळला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. कडवं संपलं, मधल्या वाद्यांचा तुकडा सुरू झाला, तिला तिथं सोळा मात्रा थांबायचं होतं. तिनं माइक स्टँडला नीट लावला आणि बाजूच्या पायऱ्यांवरून उतरून गेली.

ड्रम मशीनला हे कोण सांगणार? त्यात अख्खं गाणं आधीपासून भरलेलं. ते चालूच राहिलं. तिसरं कडवं आलं, गाणाऱ्याशिवाय. ध्रुवपद आलं. जिथं ठोका तुटून पुन्हा सुरू होतो तिथं बरोबर तुटला, बरोबर सुरू झाला. बासवाला माझ्याकडं बघत होता, मी मशीनकडं. आम्ही वाजवत राहिलो. शेवटी मशीन ठरल्या जागी थांबलं आणि, मला आजही हे सांगताना कसंतरी होतं, टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं गाणं असंच आहे. कुणीतरी मागून "वन्स मोअर"ही ओरडलं. बाहेर येऊन पाहिलं तर तिची लूना नव्हती. वही स्टँडवरच राहिली होती.

"तुम्ही का नाही थांबलात?" हेही मला विचारलं गेलंय. मी उलट विचारतो, थांबून काय केलं असतं? माइक घेऊन भाषण ठोकलं असतं? विशीतली पोरं होतो आम्ही. थांबलो असतो तर ती हरली असं दिसलं असतं. वाजवत राहिलो तर ती नसली तरी चालतं असं दिसलं. मला अजून यातलं धड एकही पटत नाही.

ती त्यानंतर स्टेजवर गायली नाही. आमचं भांडण मात्र झालं नाही, हेही ऐकून घ्या, कारण त्यावर बऱ्याच कहाण्या आहेत. ती बँकेत लागली, लग्न झालं, आता निवृत्त होऊन कोथरूडला असते. संक्रांतीला तिच्याकडचा तिळगूळ येतो.

मग मध्यंतरी युरोपातल्या एका छोट्या लेबलचं पत्र आलं. बासवाल्यानं मला न विचारता त्यांना दोन गाणी पाठवली होती. त्यांना सगळेच डेमो हवेत, जाड पुठ्ठ्याचं कव्हर, आत छायाचित्रांची पुस्तिका. पत्रात तिच्या आवाजाची स्तुती होतीच, पण सगळ्यात जास्त तिच्या उच्चारांची. ते शब्द असे कुठंच ऐकले नाहीत, त्यातच या रेकॉर्डिंगची जादू आहे, अशा अर्थाचं.

मी फाइल आणि हेडफोन घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं सगळी गाणी सलग ऐकली, डोळे उघडे ठेवून. 'विंडो'च्या दोन ओळी परत लावायला सांगितल्या. मग हेडफोन काढून म्हणाली, "आवाज चांगला होता रे माझा." मी पत्र दाखवलं. तिनं वाचलं, पुन्हा वर जाऊन वाचलं.

"म्हणजे तेव्हा ज्याला हसले, त्याच्यासाठीच आता हे पैसे देणार. मग गाणं कुणी ऐकलं?"

मी म्हटलं, अगं, मूरिंग्जच्या इंग्रजीतही डच ढब आहे, लोकांनी ती त्याची शैली मानली.

"त्याला त्याच्या गावातल्या पोरांनी हसून स्टेजवरून उतरवलं होतं का?"

मी गप्प. मग म्हटलं, "बरं, मग नको म्हणून कळवू त्यांना?"

"मी नको कुठं म्हटलं?" ती म्हणाली आणि पोहे करायला उठली. तो विषय परत निघाला नाही. मी काढला नाही, तिनंही नाही.

आता बासवाला कायदा काढतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात 1994च्या दुरुस्तीनं आले, आपली कॅसेट त्याआधीची, शब्द तुझे, चाली आपल्या, अडचण काय? अडचण ही की मी तिला तिळगूळ घ्यायला भेटतो, कायद्याला नाही. आणि झायमॉक्सचंच उदाहरण हवं असेल तर पुढचंही बघा: बँडमधले मूरिंग्ज, वोल्बर्ट, नूटेन पुढं वेगळे झाले, नाव मूरिंग्जकडं राहिलं. जुन्या टेप बाहेर येतात तेव्हा त्यावरचे सगळे एकाच खोलीत बसलेले असतात असं नाही.

तरी मला ते डेमो निघायला हवेत. हे लपवत नाही. रात्री एकटा असलो की ऐकतो, आणि वाटतं की हे माझ्याबरोबर जायला नको. तिचा र ऐकला की मलाही तेच वाटतं जे त्या लेबलवाल्यांना वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटते, कारण 90च्या आधी, तालमीत, मला तो र ऐकूच येत नव्हता. मला तेव्हा फक्त तिचा आवाज ऐकू येत होता. तो हॉल झाला आणि तेव्हापासून मलाही उच्चार ऐकू यायला लागले. ते आता कानातून काढायचे कसे?

बासवाल्यानं तोडगा सुचवला: तिचं नाव छापू नका, 'गायिका अनामिक' लिहा. मला पटत नाही. नाव न छापता तिचाच आवाज विकायचा? पण नाव छापायचं तर तिला विचारावं लागणार, आणि तिनं मला तिचं उत्तर दिलंय, ते मला कळत नाही एवढंच.

लेबलला मी कळवलंय की थांबा. ते थांबलेत, अशी माणसं थांबतात, त्यांना घाई नसते. तुम्हीही थांबा. आणि तिच्याशी थेट बोलतो म्हणून तिचा नंबर मागणारेही आहेत, त्यांना सांगतो: तो मी कुणालाही देणार नाही. बासवाल्यालाही दिलेला नाही.