पुणे-ताम्हिणी-कुडाळ-आंबोली-पुणे बाईकवर: गाडीवाले आपल्याशी कसे वागतात

जाताना ताम्हिणीतून माणगाव, तिथून मुंबई-गोवा हायवेने कुडाळ आणि येताना सावंतवाडी, आंबोली, आजरा, निपाणी करून कोल्हापूर-सातारा-पुणे असा राउंड नुकताच झाला. मी माझ्या बाईकवर, धाकटा भाऊ त्याच्या. जेवण, होमस्टे, फोटो यावर लिहिणारे भरपूर आहेत, मला लिहायचंय ते या रस्त्यावरच्या ड्रायव्हर लोकांबद्दल, कारण बाईकने जाणाऱ्याला सगळ्यात आधी हेच माहीत पाहिजे.

माझं मत सरळ सांगते. दोन पदरी रस्त्यावर समोरून ओव्हरटेक करत येणाऱ्याला बाईक दिसत असते, नीट दिसत असते, पण तो तिला गाडी म्हणून धरतच नाही. समोर कार असेल तर तो आत थांबतो, बाईक असेल तर निघतो, कारण बाईकवाला रस्त्याच्या खाली उतरेल हे त्याने गृहीत धरलेलं असतं.

आंबोली सोडून आजऱ्याकडे येताना हेच झालं. समोरून उसाची ट्रॉली, तिच्या मागे एक पांढरी एसयूव्ही. आमचे दोघांचे हेडलाइट चालू, दिवस स्वच्छ, रस्ता सरळ. त्या एसयूव्हीने दोनदा अप्पर मारला, म्हणजे हेडलाइट चमकवला, आणि बाहेर आली. आपल्याकडे अप्पर मारणे म्हणजे 'मी येतोय, तू बघ तुझं' असाच अर्थ आहे. साइडपट्टी रस्त्यापासून चांगली वीतभर खाली, वर सुटा मुरूम, म्हणजे स्पीडमध्ये उतरलं की गाडी घसरणारच. भाऊ पुढे होता, त्याने अप्पर बघितल्याबरोबर स्पीड कमी केला, इंडिकेटर दिला आणि डांबराच्या कडेवरच राहिला, एसयूव्ही त्याच्या हँडलपासून हातभर अंतरावरून गेली. चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही, काहीच नाही. मला त्याचाच जास्त संताप आला.

म्हणून पहिला सल्ला, दोन पदरी रस्त्यावर अगदी डाव्या कडेने चालवू नका. आपल्या लेनच्या मधोमध राहा, म्हणजे समोरच्याला रस्ता मोकळा वाटत नाही आणि तरीही कोणी आलंच तर आपल्याला डावीकडे सरकायला जागा उरते. ट्रॉली, टेम्पो, एसटी असं काही समोरून सावकाश येताना दिसलं की तिच्या मागून कोणीतरी बाहेर येणार असं धरूनच आधी स्पीड कमी करा. खाली उतरायची वेळ आलीच तर सावकाश, सरळ हँडलने, पुढचा ब्रेक न दाबता.

ट्रकवाल्यांना सगळे शिव्या देतात पण आमचा अनुभव उलटा आहे, त्यांना आपण दिसलो तर ते बहुतेक वेळा साइड देतात. दिसलो तर. लांज्याच्या पुढे एका टपरीवर बीडचा एक ड्रायव्हर भेटला, विषय निघाला तर म्हणाला, ताई, वर येऊन बघा की. मी केबिनमध्ये चढले, भावाला त्याने डाव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ उभं केलं आणि मला आरशात बघायला लावलं. पावणेसहा फुटांचा माणूस, पूर्ण गायब. तीनचार पावलं मागे गेला तेव्हा कुठे त्याचा खांदा दिसला. ड्रायव्हर म्हणाला, "डावीकडनं घुसू नका, उजवीकडनं हॉर्न मारून या, अन् आरशात माझं तोंड दिसलं तरच समजा की मला तुम्ही दिसता." ट्रकच्या इंडिकेटरवर मात्र भरवसा ठेवू नका, कोणी उजवा देऊन 'ये' म्हणतो, कोणी उजवा देऊन खरंच वळतो.

कारवाल्यांचं एक ऐकलंय, बाईकवाले टोल भरत नाहीत आणि हायवेवर मध्ये मध्ये येतात. एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू, तिन्हीकडे दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे मोठा रस्ता म्हणजे आपलाच असं कारवाल्यांच्या डोक्यात बसलंय, पण पुणे-कोल्हापूर आणि मुंबई-गोवा हायवेवर आपला हक्क त्यांच्याइतकाच आहे. त्यांचा राग सगळाच खोटा नाही हेही खरं, कुडाळपासून कागलपर्यंत राँग साइडने येणारे दुचाकीवाले आम्हाला सतत दिसले आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यात 44.5 टक्के दुचाकीवरची. हे वाचल्यावर चूक कोणाची हा वाद मला नको वाटतो.

मुलींसाठी एक वेगळं. हेल्मेटखालून वेणी दिसली की काही कारवाले मुद्दाम रेस लावतात, पुढे जाऊन स्लो होतात, परत पुढे जातात. रेस लावू नका, पंपावर थांबा, चहा प्या, जाऊ द्या त्यांना.

रस्त्याचं थोडक्यात: ताम्हिणी शनिवार-रविवारी टाळा, वळणावर गाड्या लावून फोटो काढतात. संगमेश्वर-हातखंबा पट्ट्यात काम रखडलंय, डायव्हर्जन अचानक येतात, तिथे अंधार पडल्यावर जाऊच नका. कशेडीच्या बोगद्यात काळी व्हायझर वर करा. टोलनाक्यावर डावीकडच्या चिंचोळ्या लेनमध्ये वाळू असते आणि बाहेर पडल्या पडल्या सगळ्या गाड्या डावीकडे दाबतात, तेव्हा पूर्ण बाहेर येईपर्यंत सावकाश.

108 नंबर फोनमध्ये नको, डोक्यात असू द्या, आणि कोणी पडलेलं दिसलं तर थांबा. मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आलंय, मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. पोलिसांच्या भीतीने लोक अजून पुढे निघून जातात, फार वाईट वाटतं ते.

येताना शेवटचा टप्पा सगळ्यात वाईट. खंबाटकीचा बोगदा संपला की एस वळण, तिथे कोणालाही ओव्हरटेक करू नका. नंतर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, तिथे काही अवजड गाड्या डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडतात, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. या उतारावर अवजड गाडीच्या पुढे राहू नका, आरशात एखादी वेगात येताना दिसली तर लेन सोडून तिला जाऊ द्या, आणि पुढे सिग्नलमुळे किंवा जॅममुळे रांग लागली असेल तर मोठ्या गाड्यांच्या मध्ये उभे राहू नका, कडेला व्हा. कात्रज-बिबवेवाडीकडे राहत असाल तर शिंदेवाडीहून सरळ जुना घाट पकडा, दहा मिनिटं जास्त लागतील.