तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारी लिलावात लॅपटॉप स्वस्तात मिळतो का?

'दोन-तीन हजारांत मिळतो म्हणे, आम्हालाही एक घेऊन द्या ना.' एक मिळत नाही हो! एमएसटीसी या सरकारी लिलाव कंपनीच्या पोर्टलवर निघतो तो लॉट, म्हणजे एकगठ्ठा माल: पन्नास सीपीयू, तीस मॉनिटर, वर दोन मोडकी झेरॉक्स मशिनं. नको ते सोडून हवं ते उचलता येत नाही.

त्यातही यादीत 'ई-कचरा' लिहिलं असेल तर विषयच मिटला. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे मोठ्या कार्यालयांनी तो नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणारा) किंवा रिसायकलरलाच द्यायचा. ओळखीनं जमवायची गोष्ट नाही ही.

उरलेल्या लॉटचा सगळा खेळ पाहणीच्या दिवशी. विक्री 'जसे आहे, जिथे आहे' अटीवर. नंतर तक्रार चालत नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला स्क्रू नसतील तर आत हात घालून झालेला आहे. रॅमच्या स्लॉटच्या कड्या उघड्या असतील तर रॅम गेली. हार्ड डिस्क डेटासाठी काढून घेतात, तेही योग्यच. पण लॅपटॉपमधून तिची कॅडी, म्हणजे डिस्क बसवायची चौकट, आणि कनेक्टरही जातात, आणि जुन्या मॉडेलची कॅडी शोधताना नाकीनऊ येतात. बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, पासवर्ड असेल तर ऑफिसवाल्या लॅपटॉपांत मदरबोर्डवरचा सेल काढून तो सहसा उडत नाही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेत का, टॉर्च मारून बघा. यूपीएसच्या 12 व्होल्ट 7 एएच बॅटऱ्या वर्षभर चार्जविना पडून असतील तर शिशाच्या भावानं धरा. प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचा असेल तर त्यावर विंडोज 11 बहुधा अधिकृतपणे चालत नाही. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून तर ही मशिनं निर्लेखनात, म्हणजे कार्यालयाच्या यादीतून बाद होऊन, निघताहेत.

आता पैसे. बोली 60,000 ची, तर 18 टक्क्यांनी जीएसटी 10,800. टीसीएस (विकणाऱ्यानं आपल्याकडून गोळा करायचा आयकर), हमाली, टेम्पो वेगळे. बोली सगळ्यांत मोठी ठरली तरी 'एसटीए', म्हणजे मंजुरीच्या अधीन, राहू शकते. तोवर अनामत अडकलेली, आणि शेवटी नकारही येऊ शकतो. मंजूर झाली तर पैसे भरायला मुदत, माल उचलायला मुदत; उचलायची चुकली की जागाभाडं सुरू.

तीन मशिनांतून एक उभं करा, असं पूर्वी मीच सगळ्यांना सांगायचो. अजूनही होतं, पण मॉडेल एकच असेल तर. मिसळीच्या लॉटमध्ये डेलचा पॉवर सप्लाय एचपीच्या छोट्या कॅबिनेटात जात नाही, कनेक्टरही वेगळा. 'मग तुम्ही कशाला घेता?' एकाच मॉडेलचे पन्नास दिसले की हिशोब जुळण्याची शक्यता असते, म्हणून. दर वेळी जुळतोच असं नाही. तुम्हाला एकच लॅपटॉप हवाय ना? वॉरंटीवाला रिफर्बिश्ड घ्या.