कार्बन ट्यूब झाली, फोकस आता उलटा पळतो

आकाशाचे फोटो काढायच्या माझ्या आरशाच्या दुर्बिणीची ट्यूब मी बदलली. आधी आकडे बघा, मग हसा. जुन्या पोलादी पत्र्याच्या ट्यूबमध्ये तापमान उतरलं की ड्रॉट्यूब (फोकसरची आत-बाहेर सरकणारी, कॅमेरा धरणारी नळी) बाहेर काढावी लागायची, अंशामागे साधारण साडेतीन मायक्रॉन. नव्या कार्बन ट्यूबमध्ये ती आत घ्यावी लागते, अंशामागे तीनच्या आसपास. इतका खटाटोप करून बदललं काय, तर चिन्ह!

ट्यूब स्वतः मात्र झकास झाली आहे. मांडवीकाठच्या होडीच्या कारखान्यात, २५० मिमीच्या पीव्हीसी पाइपवर मेण आणि प्लास्टिक गुंडाळून कार्बनचं कापड चढवलं. गोव्याच्या दमट हवेत एपॉक्सीवर तो चिकट मेणचट थर येतोच. पुढचा हात देण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर थर सुटतात. हार्डनर स्लो घ्या. दुकानदार फास्टच पुढे करतो आणि मग डब्यातच दगड होतो. पाइप काही केल्या निघेना, तेव्हा तिथले मिस्त्री म्हणाले, "बर्फ भर रे आत." मासळीबाजारातून बर्फ आणला. पीव्हीसी कार्बनच्या कितीतरी पट आकसतं. थोड्या वेळाने टक्क आवाज झाला आणि पाइप हाताने सरकला. त्या दिवशी मी कुणाशीही भांडलो नसतो.

आता दुखणं. वाळपईच्या पुढे जानेवारीत संध्याकाळी २७ आणि पहाटे १७, म्हणजे दहा अंशांची उतरण. एफ/४ ला (फोकल लेंग्थ आरशाच्या व्यासाच्या चौपट) क्रिटिकल फोकस झोन, म्हणजे तारे टोकदार राहतात तेवढी जागा, सगळा मिळून ४३ मायक्रॉन (४.८८ × प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ × चारचा वर्ग १६), मधून दोन्हीकडे जेमतेम २१. तीन दाहे तीस. रोझेट तेजोमेघाच्या शेवटच्या फ्रेम्समध्ये तारे फुगलेले होते ते यामुळेच.

आधी फोकसरच घसरतोय असं वाटलं. कॅमेरा लटकवून, ट्यूब वर-खाली करून पाहिलं. तो जागचा हलत नाही. मग निनाचा (कॅमेरा आणि फोकसर चालवणारं सॉफ्टवेअर) ऑटोफोकस लॉग तापमानासमोर मांडला तर सरळ रेष, फक्त उतार उलटा. तेव्हा लक्ष आरशाकडे गेलं.

माझा आठ इंची आरसा साध्या प्लेट काचेचा आहे. ही काच अंशामागे दशलक्षात ९ भाग आकसते, म्हणजे ८०० मिमीचं फोकल लेंग्थ दर अंशाला ७.२ मायक्रॉन कमी होतं आणि फोकस आत सरकतो. ट्यूब आकसली की आरसा डायगोनलजवळ (प्रकाश बाजूच्या फोकसरकडे वळवणारा छोटा तिरका आरसा) येतो आणि फोकस बाहेर जातो. दोघं एकमेकांविरुद्ध ओढतात. आरसा ते डायगोनल ५८० मिमी, त्याचे अंशामागे मायक्रॉन असे (कंसात दशलक्षात किती भाग आकसतं ते): पोलादाचे (१२) ७, ॲल्युमिनियमचे (२३) १३, माझ्या हातच्या कार्बनचे (२.५ धरा) दीड. त्यात ट्यूबची त्रिज्या आणि फोकसरची ॲल्युमिनियमची उंची मिळवा: पोलाद एकूण १०.७, कार्बन ४. यातून ७.२ वजा केले की वरचे दोन्ही आकडे हजर.

म्हणजे "कार्बन घ्या, फोकस स्थिर" हा आपल्यातला मंत्र अर्धाच आहे. कार्बनला जोडीदार बोरोसिलिकेट काच (३.३) हवी. प्लेट काचेला पत्रा तितकाच जवळचा. तो इथल्या खाऱ्या हवेत गंजला नसता तर मी काढलाही नसता. पीव्हीसी ट्यूबवाल्यांनो, तुमचे आकडे ५० च्या वर आहेत, तुम्ही फक्त चंद्र बघा.

म्हणून बोरोसिलिकेटचा नवा आरसा मागवायचं ठरवत होतो. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: आरसा कशाला बदलायचा? ट्यूबला आणखी ३.२ मायक्रॉन आकसायला लावलं की झालं. कार्बनऐवजी ॲल्युमिनियम टाकलं तर दर मिलिमीटरला ०.०२०५ मायक्रॉन जास्त. भागाकार केला तर १५६ मिमी! कार्बन ट्यूब मागून तेवढी कापायची आणि आरशाची सेल (आरसा धरणारी बैठक) तीन ॲल्युमिनियमच्या सळ्यांवर मागे लटकवायची. बोरोसिलिकेटचे पैसे वाचले, त्यात फिल्टर व्हील (कॅमेऱ्यापुढचे फिल्टर बदलणारी चकती) येईल.

एकच शंका आहे. सळ्या लगेच गार होतील आणि २५ मिमीची काच मागे रेंगाळेल, म्हणजे रात्रीच्या सुरुवातीला फोकस थोडा बाहेर जाईल. सळ्यांभोवती फोमचं कव्हर आणि आरशामागे पंखा, एवढ्यावर भागेल असं वाटतं. कोलिमेशन (आरशांची एका रेषेतली जुळणी) टिकायला सळ्या १२ मिमीच्या पुरतील की १६ च्या घ्याव्यात? ज्यांनी ट्रस (ट्यूबऐवजी सळ्यांचा सांगाडा) बांधलाय त्यांनी सांगा. तोवर ट्यूबला करवत लावत नाही.