सगळ्यात दुबळ्या नदीच्या मापाने आखलेला हंगाम

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅल्मन दिसायला लागला की एक प्रश्न हमखास येतो: समुद्रात मासा आहे, मग बंदी कशाला? सॅल्मन नदीत जन्मतो आणि समुद्रात वाढतो, आणि समुद्रात सगळ्या नद्यांचे मासे एकत्र चरतात. गळाला लागलेला चिनूक (सॅल्मनची एक जात) भरभराटीत असलेल्या नदीतला की संपत आलेल्या नदीतला, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून हंगाम सगळ्यात दुबळ्या साठ्याला, म्हणजे एका नदीच्या माशांच्या गटाला, किती सोसवेल ते बघून ठरतो.

वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्नियासमोरच्या 3 ते 200 सागरी मैलांच्या पट्ट्याची आखणी पॅसिफिक फिशरी मॅनेजमेंट कौन्सिल करते. फेब्रुवारीत मागच्या हंगामाचा हिशेब आणि नवे अंदाज, मार्चमध्ये तीन पर्याय आणि जनसुनावण्या, एप्रिलमध्ये अंतिम शिफारस. त्यावर शिक्का केंद्र सरकारच्या मत्स्यसेवेचा.

खरा गुंता अंदाजात आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीचा, शरद ऋतूत नदीत शिरणारा चिनूक बहुतेक तिसऱ्या वर्षी परततो, पण काही मासे, मुख्यतः नर, दुसऱ्याच वर्षी लवकर वयात येऊन नदीत शिरतात. त्यांना 'जॅक' म्हणतात. या जॅकच्या मोजणीवरून त्यांची भावंडं समुद्रात किती उरलीत याचा अंदाज बांधतात. निदान 1,22,000 प्रौढ मासे अंडी घालायला परतले पाहिजेत, हे उद्दिष्ट. 2024 चा अंदाज होता 2,13,600. त्यातून 1,22,000 वजा केले की सुमारे 43% मासे, समुद्र आणि नदी दोन्ही मिळून, पकडता आले असते. कागदावर हे बसतं. तरीही कॅलिफोर्नियाचा समुद्री हंगाम त्या वर्षी पूर्ण बंद राहिला, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

कारण 2022. तेव्हा अंदाज 3,96,500 चा होता. कौन्सिलने 1,22,000 वर न थांबता जवळजवळ 2 लाख मासे परततील असा सावध हंगाम आखला होता. परतले सुमारे 62,000. एवढा मोठा फरक एकदा पडला की पुढच्या अंदाजावर डोळे मिटून भार टाकता येत नाही. 2023 आणि 2024 ला कॅलिफोर्नियात व्यावसायिक आणि हौशी, दोन्ही मासेमारी बंद राहिली. ट्रोलर बोटींच्या (पाण्यातून गळ ओढत मासे पकडणाऱ्या व्यावसायिक बोटी) मालकांचं आणि डेकवर काम करणाऱ्यांचं त्यात अतोनात नुकसान झालं, ते हलक्यात घेण्यासारखं नाही.

सॅक्रामेंटो सावरली तरी वाट मोकळी होत नाही. उत्तरेकडच्या क्लॅमथ नदीच्या शरद चिनूकसाठी 40,700 नैसर्गिक प्रजननक्षम माशांचं वेगळं उद्दिष्ट आहे. कॅलिफोर्नियाच्या किनारी नद्यांतल्या संरक्षित चिनूकची स्वतःची पुरेशी आकडेवारीच नाही, म्हणून क्लॅमथच्या चार वर्षांच्या माशांचं समुद्रातलं पकडीचं प्रमाण 16% च्या आत ठेवून त्यांची काळजी घेतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पॉइंट अरेना या टोकाच्या दक्षिणेला तारखा आणि किमान लांबी ठरवताना सॅक्रामेंटोत हिवाळ्यात शिरणाऱ्या वेगळ्या चिनूकचा विचार करावा लागतो.

मासा कुठल्या नदीचा हे कळतं एका तारेमुळे. उबवणी केंद्रात पिल्लाच्या नाकाडात जेमतेम 1.1 मिलिमीटर लांबीचा तारेचा तुकडा टोचतात आणि शेपटीजवळचा पाठीवरचा मांसल पर कापतात. बंदरावर असा पर नसलेला मासा आला की नमुने घेणारा कर्मचारी डोकं मागून घेतो. प्रयोगशाळेत तार काढून सूक्ष्मदर्शकाखाली वाचली की केंद्र आणि तुकडी समजते. डोकं दिलं नाही, तर त्या माशाची नोंद कायमची गेली. नैसर्गिक माशांना तार नसतेच, त्यांचा हिशेब या उबवणीच्या माशांवरून लावतात. म्हणून बोटवाल्यांनो, डोकं द्याच.

कोहो या सॅल्मनच्या दुसऱ्या जातीच्या बाबतीत पुष्कळदा फक्त पर कापलेला मासा ठेवायची मुभा असते, बाकीचे सोडायचे. पण सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. हौशी मासेमारीत सोडलेल्यांपैकी 14% मरतात असं हिशेबात धरतात, ट्रोलर बोटींसाठी 26%, शिवाय दोन्हीकडे गळावरून निसटून मरणाऱ्यांसाठी 5%. आता बघा: दर दोनांत एक कोहो पर कापलेला असेल, तर 1,000 मासे ठेवताना 1,000 सोडावे लागतात आणि हौशी हिशेबाने (14 अधिक 5 टक्के) सुमारे 190 न कापलेले मरतात. दर चारांत एकच असेल, तर ठेवायचे तेवढेच 1,000, पण सोडायचे 3,000, आणि मरतात सुमारे 570. उलटा काटा नसलेल्या गळाची सक्ती याचसाठी आहे. मासा पाण्यातच ठेवून गळ सोडवा, बोटीत ओढू नका.

2025 मध्ये कॅलिफोर्नियात हौशी मासेमारीला मोजके दिवस मिळाले. जूनच्या सुरुवातीला दोन दिवस, मर्यादा 7,000 चिनूकची. एका शनिवार-रविवारी एवढ्या बोटी निघतात की पकडीचा आकडा हाती येईपर्यंत दिवस उलटलेला असतो. मर्यादा गाठली म्हणून दुपारी थांबवायची सोय नाही, त्यामुळे दिवसच आधी मोजून द्यावे लागतात.