बावन्न चौतीस

पंचवीस किलोची एक गोणी चुकीची गेली, एवढीच तक्रार होती. अशा आमच्याकडे रोज येतात. पत्ता चुकला, गोणी फुटली, पैसे दोनदा कापले गेले. ही मात्र फोनवर बसणाऱ्या मुलीने मुद्दाम माझ्याकडे पाठवली, कारण शेवटी तिने लिहिलं होतं, "ते म्हणतात, मी बरोबर दाबलं होतं, तुमच्या वेबसाइटनं बदललं."

मला हसू आलं. वेबसाइट कशाला बदलेल?

आमची कंपनी खतं, बियाणं आणि ठिबकचं सामान ऑनलाइन विकते. गिऱ्हाईक बरंचसं नाशिककडचं, त्यातही द्राक्षवाले जास्त. मी पुण्यात बसून तिचं सर्च सांभाळते. साहेबांना हवं होतं, "गूगलसारखं, टाइप करता करता खाली नावं आली पाहिजेत." गूगलने हे २००४ च्या डिसेंबरात पहिल्यांदा दाखवलं तेव्हा लोकांसमोर टेबलावरचा कॉम्प्युटर होता आणि हातात माऊस. हा फरक तेव्हा माझ्या डोक्यातही आला नाही.

पहिले तीन आठवडे माझा घाम काढला तो मराठीने. जुळलेलं अक्षर ठळक दाखवायचं म्हणून 'म' ठळक केला, तर 'मिरची'चे दोन तुकडे झाले. एकीकडे म, दुसरीकडे टिंबांच्या पोकळ वर्तुळाला लटकलेली वेलांटी. मग 'पांढऱ्या माशीसाठी'. यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकदा ऱ हे वेगळं अक्षर घेऊन आणि एकदा साध्या र् च्या मागे न दिसणारा एक जोडणारा घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला दोन निराळे शब्द. आमच्या मालाच्या यादीत दोन्ही होते, कारण ती तीन वेगवेगळ्या माणसांनी भरलेली.

सगळ्यात मजा वांग्याने केली. 'वां' लिहा, 'वांग' लिहा, यादी छान दिसते. 'वांगी' पुरं केलं की यादी गायब! कारण मालाचं नाव 'वांग्याचे बियाणे'. माणूस शब्द पूर्ण करतो आणि नेमकं तेव्हाच दुकानदार मान हलवतो, असा प्रकार. सामान्यरूप मी शाळेत पाठ केलं होतं, पण ते कधी असं आडवं येईल असं वाटलं नव्हतं. शेवटी एक संध्याकाळ बसून एकूण एक पिकांची दोन्ही रूपं हाताने भरली. भेंडी-भेंडीचे, काकडी-काकडीचे, इथे काही अडत नाही. पण मका-मक्याचे, कांदा-कांद्याचे, दोडका-दोडक्याचे, सगळे वांग्याच्याच वाटेने जाणारे.

त्यामानाने खतांचे आकडे सोपे. इंग्रजी आणि मराठी अंक एकच धरले, मधली टिंबं काढून टाकली. कोणी ०५२ एवढंच लिहिलं की ०:५२:३४ पहिल्या नंबरावर. यावर मी फार खूश होते. साहेबांना दाखवलं तेव्हा बोट उचलायच्या आत यादी येत होती. त्यासाठी मी अक्षर टाइप झाल्यावर यादी मागवण्याआधीचा थांबा जेमतेम १०० मिलिसेकंद ठेवला होता.

आणि नेमकं त्याच खताची तक्रार. निफाड तालुक्यातल्या त्या शेतकऱ्यांना ०:५२:३४ हवं होतं. घरी गोणी आली ०:०:५० ची. यातला पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. म्हणजे ज्यांना ५२ टक्के स्फुरद हवं होतं त्यांच्या दारात शून्य स्फुरदाची गोणी. जूनचा पहिला आठवडा. एप्रिलची खरड छाटणी झालेल्या बागांमध्ये पुढच्या हंगामाचे घड काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, याच सुमारास तयार होत असतात. तिथे चार दिवस वाया जाणं म्हणजे काय, हे मला दुपारी कळलं. सकाळी मी फक्त वेबसाइटच्या नोंदी उघडल्या.

नोंदीत एकच ओळ होती. टाइप केलेलं: ०५२. निवडलेलं: ०:०:५०.

हसू तिथेच थांबलं. ०५२ लिहिल्यावर ०:०:५० यादीत येऊच शकत नाही. मी स्वतः दहा वेळा करून पाहिलं, नाहीच आलं. शेजारच्या मुलाने ऑफिसच्या वायफायवर पाहिलं, नाहीच. तो म्हणाला, "त्यांनीच चुकून दाबलं असणार." मलाही तेच म्हणायचं होतं, पण ती ओळ काही हलत नव्हती.

मग ब्राउझरमध्ये मुद्दाम नेट मंद केलं, शिवारात असतं तसं. ० लिहिलं, ५ लिहिलं, २ लिहिलं. यादी आली, वरती ०:५२:३४. बोट पुढे नेलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत यादी बदलली. वरती ०:०:५०.

घडत होतं ते असं. प्रत्येक अक्षरागणिक सर्व्हरला एक प्रश्न जातो. नुसत्या '०' ला शून्य असलेली सगळीच खतं जुळतात, त्यामुळे त्याचं उत्तर जड आणि सावकाश. '०५२' ला एकच जुळतं, त्याचं उत्तर हलकं. ऑफिसच्या नेटवर उत्तरं विचारलेल्या क्रमानेच परत यायची. मंद नेटवर पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी पोचायचं, आणि माझा कोड बिनदिक्कत तेच दाखवायचा. वरती टाइप करायच्या चौकटीत ०५२, खाली यादी '०' ची. तीही खपाप्रमाणे लावलेली, आणि त्या आठवड्यात ०:०:५० चा खप जास्त होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी माणूस थबकला असता. पण दुसरं पाप त्याहून माझं. मोबाइलवर यादीला बोट लावलं की चौकटीवरचा फोकस, म्हणजे तिथला कर्सर, जातो आणि यादी निवड होण्याआधीच मिटते. हा जुना त्रास. तो टाळायला मी निवड बोट टेकताक्षणीच करून टाकली होती, बोट उचलेपर्यंत थांबायचंच नाही. म्हणजे यादी सरकली त्या क्षणी बोटाखाली जे आलं ते पक्कं. हात मागे घ्यायची सोयच नाही. दोन्ही पांढऱ्या गोण्या, फोटोही सारखेच. उन्हात उभा राहून कोण आकडे वाचत बसणार?

टाइप केलेलं आणि निवडलेलं जुळत नाही अशा आणखी ऑर्डरी शोधल्या. अकरा निघाल्या. सात जणांनी स्वतःच लक्षात येऊन रद्द केल्या होत्या. उरलेल्या चौघांपैकी तक्रार करणारे हे एकटेच.

दुरुस्तीला दीड तास लागला. उत्तर आलं की ते ज्या अक्षरांचं आहे ती चौकटीतल्या अक्षरांशी ताडून पाहायची, जुळली नाहीत तर टाकून द्यायचं. नवा प्रश्न निघाला की जुना रद्द. थांबा २५० मिलिसेकंद. निवड बोट उचलल्यावर, आणि बोट टेकलेलं असेपर्यंत यादी हलवायची नाही. साहेब म्हणाले, आधीपेक्षा जरा हळू वाटतंय. मी म्हटलं, वाटू दे.

दुपारी मी निफाडच्या त्या शेतकऱ्यांना स्वतः फोन लावला. वेबसाइट मी केली आहे आणि चूक माझीच होती, हे सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबर ना, ताई? घरात सगळे मलाच म्हणत होते, तुम्हाला दिसत नाही नीट."

"बरोबरच होतं काका. गोणी परत न्यायला माणूस पाठवते."

"ऱ्हाऊ द्या ती. झिरो झिरो पन्नास पुढं काडी पिकायला लागतंच. बावन्न चौतीस तेवढं आज निघू द्या. डोळ्यात घड धरायचे दिवस निघून चालले."

मी लिहून घेत होते आणि हात थांबला. बावन्न चौतीस. शून्याचा उच्चारच नाही. मी त्यांना विचारलं, दुकानात गेलात तर काय मागता? त्यांनी भराभर यादीच सांगितली: बारा एकसष्ट, एकोणीस एकोणीस, तेरा झिरो पंचेचाळीस, डीएपीला अठरा शेचाळीस. तीन आठवडे मी ऱ च्या मागे लागले होते आणि हे एकदाही कोणाला विचारलं नव्हतं.

गोणी संध्याकाळच्या गाडीने गेली. रात्री बसून सगळी बोलीतली नावं अक्षरांत भरली, आकड्यांतही भरली, आणि काकांना कळवलं की आता बोलता तसंच लिहून बघा.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन. माल पोचला होता, फवारणी झाली होती.

"पण ताई, ते तुम्ही सांगितलं तसं करून पाह्यलं. काही येत नाही."

"काय लिहिलंत काका?"

"बावन. बावन चौतीस."

मी भरलं होतं 'बावन्न'. त्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं, 'बावन' घातलं, आणि हातासरशी 'बावण'ही.