टोयोटाच्या पोटात शेव्ही

आम्ही राहतो ते फॉल्सम हे कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटोजवळचं गाव. इथे भारतीय इतके की वाण्याकडे कढीपत्ता संपला तर त्याचीही बातमी होते. आमच्या गल्लीत मात्र एक घर जुन्या अमेरिकन जोडप्याचं आहे. काका निवृत्त, काकू अजून शाळेत शिकवायला जातात, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये 1977 ची टोयोटा लँड क्रूझर उभी असते. मॉडेल एफजे40. गेला हिवाळाभर त्या गाडीचं इंजिन बदलण्याचं काम चाललं होतं आणि माझे बहुतेक शनिवार तिथेच गेले. नवऱ्याला वाटलं चार दिवसांची हौस आहे, सरेल. मेकॅनिकलची डिग्री घेऊन दहा वर्षं एक्सेलच्या तक्त्यांत घालवलेल्या बाईला हातात पाना मिळाला की काय होतं, याची त्याला कल्पना नव्हती.

आधी गाडीविषयी. आपल्याकडच्या माणसाला ती लांबून जीपच वाटेल, आणि ते फारसं चूकही नाही. 1951 मध्ये टोयोटाने या घराण्यातली पहिली गाडी काढली तिचं नावच ‘टोयोटा जीप’ होतं, ‘लँड क्रूझर’ हे नाव 1954 मध्ये आलं. एफजे40 ही ज्या ‘40’ मालिकेतली, त्या गाड्या 1960 ते 1984 पर्यंत बनल्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला टोयोटाच्या मोटारींना अमेरिकेत कुणी विचारत नव्हतं, तेव्हा या एका गाडीने कंपनीला इथे तगवून ठेवलं. 1961 ते 1965 या काळात टोयोटाची इथली सर्वांत जास्त खपणारी गाडी हीच होती.

काकांच्या गाडीत होतं टू-एफ इंजिन. एका ओळीत सहा सिलिंडर, 4.2 लिटर, साधारण 135 अश्वशक्ती. कमी वेगाला बैलासारखं ओढतं, बिघडत नाही, खडकांतून चालायला याहून चांगलं काही नको. पण आमच्या गावातूनच हायवे 50 सिएरा नेवाडाच्या डोंगरात शिरतो आणि ताहो तळ्याच्या अलीकडे एको समिटला 7,382 फुटांवर पोचतो. दर हजार फुटांना साध्या पेट्रोल इंजिनाची सुमारे तीन टक्के ताकद विरळ हवा खाऊन टाकते. म्हणजे माथ्यावर पोचेपर्यंत 135 मधले शंभर-एकशेपाच उरतात. मागे सामानाचे ट्रक हॉर्न देतायत, डावीकडून शाळेच्या बस ओव्हरटेक करतायत आणि आपण तिसऱ्यात रडत चाललोय, हे मी त्या गाडीत बसून अनुभवलं आहे. बसायला मजा येते, फक्त मागे बघायचं नाही.

मग इंजिन कुठलं? इथल्या गॅरेजवाल्यांना विचारलं तर शंभरातले नव्वद एकच नाव सांगतील: शेव्हर्ले 350, इथल्या बोलीत शेव्ही. व्ही आकारात आठ सिलिंडर, 5.7 लिटर. या घराण्यातलं पहिलं इंजिन 1955 मध्ये आलं आणि 350 घनइंचांचा हा आकार 1967 मध्ये. त्यानंतर ते कारमध्ये, पिकअपमध्ये, बोटींत, सगळीकडे बसलं, त्यामुळे कुठल्याही भंगारवाल्याकडे ते मिळतं आणि त्याचे गास्केट-प्लग खेड्यातल्या दुकानातही मिळतात. ते लँड क्रूझरच्या गिअरबॉक्सला जोडायला तयार अडॅप्टर मिळतात. याच राज्यातल्या पासो रोबलेसची अडव्हान्स अडॅप्टर्स नावाची कंपनी ते बनवते. गंमत म्हणजे टोयोटाने 1935 मध्ये आपलं अगदी पहिलं ‘ए’ इंजिन काढलं तेच शेव्हर्लेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर बेतलेलं होतं. त्यामुळे टोयोटात शेव्ही घालणं म्हणजे पाप आहे असं कुणी म्हटलं की काका त्याला हा इतिहास ऐकवतात.

पाप म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला अगदीच खोटं वाटत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ही गाडी म्हणजे शेतावरचं अवजार होती, टू-एफ काढून भंगारात टाकताना कुणी दोनदा विचार करत नसे. आता नीट जपलेल्या मूळ एफजे40 ला लोक चकित करणाऱ्या किमती देतात आणि त्यात इंजिन मूळचं आहे का हे पहिलं बघतात. काकांनी म्हणून एक अट स्वतःलाच घालून घेतली: चेसिसला कुठेही कापायचं नाही, आणि जुनं इंजिन तेल भरून, तोंडं बंद करून ठेवायचं.

आता कॅलिफोर्नियाचा कायदा. इथे 1975 पर्यंतच्या गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे. 1976 पासूनच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी ती द्यावी लागते. काकांची गाडी 1977 ची. दोन वर्षं जुनी असती तर हा लेख निम्म्यात संपला असता. इंजिन बदलायचं तर नवं इंजिन गाडीच्याच सालचं किंवा त्यानंतरचं हवं, जास्त सैल नियमांत बसणाऱ्या अवजड ट्रकचं चालत नाही, आणि ते ज्या गाडीतून काढलं तिची धूर-नियंत्रणाची सगळी व्यवस्था त्याच्याबरोबर यायला हवी. सगळी म्हणजे सगळी. कॉम्प्युटर, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा. दोन गाड्यांचे भाग घेऊन तिसरीच खिचडी करायची परवानगी नाही. त्यामुळे कार्ब्युरेटरचं, चमकदार क्रोमवालं इंजिन बाद झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका शेव्ही पिकअपचं इंजिन आलं, थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचं (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं), 210 अश्वशक्तीचं. काकांनी अपघातात गेलेली अख्खी पिकअपच विकत घेतली. दोन महिने ती ड्राइव्हवेत होती. काकूंनी या काळात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

इंजिन उतरवण्याचा दिवस अपेक्षेपेक्षा शांत गेला. टू-एफ बाहेर आलं तेव्हा बॉनेटखाली एवढी जागा झाली की मी चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये उभी राहून खाली फरशी पाहू शकत होते. शेव्हीचं इंजिन लांबीला आखूड आहे आणि वजनालाही टू-एफपेक्षा जड नाही, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. ते रुंद मात्र आहे. क्रेनला तिरकं टांगून आत सोडलं, आणि दोन्ही बाजूंची भांडणं सुरू झाली. डावीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टिअरिंगच्या दांड्याला भिडायला बघतं. उजवीकडे शेव्हीचा स्टार्टर असतो, आणि लँड क्रूझरचा पुढच्या चाकांना जाणारा शाफ्टही नेमका उजवीकडूनच जातो. इंजिन अर्धा इंच इकडे सरकवा, तिकडचा वाद मिटतो आणि इकडचा पेटतो.

काकांचं मोजमापाचं साधन होतं सुताराची चपटी पेन्सिल. मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंगच्या दांड्यामधून ती पेन्सिल आडवी गेली पाहिजे, हा त्यांचा नियम. मी म्हटलं, एवढी फट कशाला? त्यांनी काही न बोलता इंजिनाच्या एका बाजूला खांदा लावला आणि ढकललं. रबरी माउंटिंगवर ते सहज हललं, पेन्सिल टकटक वाजली. एक्सिलरेटर दाबला की इंजिन एका अंगावर कलतं, तेव्हा ती फट लागते. पेन्सिल दोन्हीकडून मोकळी जाईपर्यंत माउंटिंगला नुसते वेल्डिंगचे टाके होते, पक्की शिवण नंतर. शेवटी मूळ स्टिअरिंग काढून सॅजिनॉ नावाच्या अमेरिकन बनावटीचं पॉवर स्टिअरिंग लावलं, जे या गाड्यांत लोक इंजिन न बदलताही लावतात. पार्किंग करताना आता दोन्ही हातांनी कुस्ती खेळावी लागत नाही.

माझी खरी वर्णी लागली ती बेलहाउसिंगच्या वेळी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये हे कवच असतं, आणि त्याचं मधलं भोक क्रँकशाफ्टच्या बरोबर मध्यावर यावं लागतं. पाच थाऊच्या आत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आपल्याकडच्या टर्नरच्या बोलण्यातला शब्द इथेही तसाच कामी आला. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून मी क्रँक हाताने फिरवत होते आणि काटा नऊ दाखवत होता. यावर उपाय म्हणून थोड्या वाकड्या केंद्राच्या गाइड पिना मिळतात, त्या फिरवून भोक सरकवता येतं. हे न करता गाडी जोडली तर चालते, पण हजार-दोन हजार मैलांत गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागतं आणि माणूस गिअरबॉक्सला शिव्या देत बसतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. थ्रॉटल बॉडीला इलेक्ट्रिक पंपाने पेट्रोल लागतं आणि उरलेलं परत टाकीत जावं लागतं, म्हणून परतीची नळी टाकली. या सालच्या एफजे40 ची टाकी केबिनच्या आत, शेजारच्या सीटखाली असते! म्हणजे मी आजवर पेट्रोलवर बसून हिंडत होते. जुलैत फॉल्समचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा जाड रेडिएटर आणि पंख्याभोवती नीट बसणारा श्राऊड लागला. मागचा एक्सल दणकट आहे, त्याला काही होत नाही. पुढच्या चाकांजवळचे बर्फिल्ड जॉइंट (वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवणारे सांधे) मात्र जास्त ताकदीत फुटतात, तेही चाक वळवलेलं असताना पाय जोरात दिला तर. पुढे डिस्क ब्रेक 1976 पासूनच आलेत, त्यामुळे तो खर्च वाचला.

कॉम्प्युटरला गाडीचा वेग कळावा लागतो. जुन्या स्पीडोमीटरची केबल फिरते खरी, पण ती विजेचा सिग्नल देत नाही. म्हणून केबलच्या मध्ये एक छोटा पल्स देणारा तुकडा बसवला. हे सगळं झाल्यावर गाडी रेफरीकडे. धुराच्या तपासणीतली गुंतागुंतीची प्रकरणं बघायला राज्याने हे लोक नेमलेत आणि त्यांची केंद्रं बऱ्याचदा कम्युनिटी कॉलेजात असतात. रेफरी मनुष्य टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला आणि पिकअपच्या आकृतीतली एकेक नळी शोधत राहिला. सगळं जागच्या जागी होतं. मग त्याने विचारलं, ‘चेक इंजिन’चा दिवा कुठे आहे? 1977 च्या डॅशबोर्डवर असा दिवा नसतोच. नापास. काकांनी डॅशखाली वाटाण्याएवढा पिवळा दिवा लावला, पुन्हा वेळ घेतली, आणि गाडीच्या दाराच्या चौकटीवर लेबल लागलं. आता कुठल्याही तपासणी केंद्रात या लेबलावर काम होतं. इथे इंजिन बदललेली जुनी गाडी घ्यायची असेल, तर बॉनेट उघडायच्या आधी दार उघडून हे लेबल बघा.

मला सारखी आठवत होती ती कराडच्या स्टँडबाहेरची वडापची जीप. महिंद्राने 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, त्या पेट्रोलच्या जीपा आमच्या लहानपणापर्यंत चालत होत्या, पण बॉनेटखाली बहुतेकांच्या डिझेल इंजिन आलेलं होतं. कुणाकडे ट्रॅक्टरचं, कुणाकडे मॅटॅडोरचं. तिथे प्रश्न ताकदीचा नव्हताच, पेट्रोल परवडत नव्हतं. चौदा माणसं घेऊन ती जीप घाट चढायची आणि धुराचं कुणी नाव काढायचं नाही. आता आपल्याकडे गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार करता येणार नाहीत असं स्पष्ट सांगितलं. तुमच्यापैकी कुणी जुन्या जीपला नवं इंजिन बसवायच्या विचारात असेल तर मिस्त्रीच्या आधी आरटीओत जाऊन या. इथे निदान एक दार उघडं ठेवलंय: अट पूर्ण करा, तपासून घ्या, वापरा.

चालवायला कशी आहे? एप्रिलमध्ये एको समिटला गेलो. बाजूला अजून बर्फ होता. चढावर चौथा गिअर उतरवावा लागला नाही, आणि काकांनी तर मुद्दाम एका सामानाच्या ट्रकला मागे टाकून हात केला. मायलेज लिटरला पाच-साडेपाच किलोमीटर, म्हणजे आधीसारखंच. केबिनमध्ये पायाशी मात्र जास्त गरम होतं, उन्हाळ्यात त्यावर काहीतरी करावं लागेल.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. ताकद दीडपट झाली तरी गिअर तेच राहिले. चौथा गिअर थेट, मागे एक्सलमधली दातेरी जोडी, म्हणजे क्राउन-पिनियन, 4.11 ची, एकतीस इंची टायर, म्हणजे ताशी 65 मैलांना इंजिन जवळजवळ 2,900 आरपीएमवर फिरतं. टू-एफही एवढंच फिरायचं. हायवेवर शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. एनव्ही4500 नावाचा पाच गिअरचा दणकट बॉक्स बसवला तर पाचव्यात ते 2,100 वर येईल. 3.70 चा क्राउन-पिनियन टाकला तर 2,600, आणि खर्च बराच कमी. मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे, कारण खडकांत लो गिअर लागतोच आणि तो ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यात, आहे. काकांना पाच गिअरच हवेत. त्यांनी एका भंगारवाल्याकडे डॉज पिकअपमधला तो बॉक्स हेरूनही ठेवलाय. काकूंनी विचारलं, तो एकटा येतो की त्याच्याबरोबर परत एक पिकअप येते?