ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही

आमच्या शेजारच्या मावशी चाळीसहून अधिक वर्षे स्कॉटलंडच्या मध्य पट्ट्यातल्या आमच्या गावात राहत आहेत. दुकानाच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी त्यांच्याच ढंगात थट्टामस्करी करण्याइतके इंग्रजी त्यांना येत असे. स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यानंतर मात्र ते इंग्रजी हळूहळू ओसरत गेले आणि मागे उरली ती माहेरची, मिरजेकडची मराठी. पुढे रुग्णालयाने त्यांच्या तपासणीसाठी दुभाषी ठरवला. पण तो लागोपाठ तीन वेळा आलाच नाही आणि तिन्ही वेळा तपासणी पुढे ढकलली गेली. तिसऱ्या वेळी मीच भाषांतर करते असे म्हटले, तेव्हा परिचारिकेने नम्रपणे नकार दिला, कारण उपचारांबाबतच्या निर्णयात ओळखीच्या माणसाने दुभाष्याचे काम करू नये, असा तिथला दंडक होता. दंडक योग्यच आहे. शेजारीण काय गाळेल आणि पदरचे काय घालेल, याचा भरवसा कोणी द्यावा?

मावशींच्या मुलाने रीतसर तक्रार केली. इथल्या आरोग्यसेवेत तक्रारीच्या पहिल्या पायरीवर कामकाजाच्या ५ दिवसांत आणि सविस्तर चौकशीच्या दुसऱ्या पायरीवर २० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते, आणि त्यानेही समाधान झाले नाही तर सार्वजनिक सेवांच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला दिलगिरीचे पत्र मिळाले आणि नवी तारीखही मिळाली. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न घोळत होता, तो म्हणजे दुभाषी नाही म्हणून परत पाठवलेली माणसे सगळ्या स्कॉटलंडमध्ये मिळून किती असतील. मी हिशेबतपासनीस आहे; आकडा नसला की मला चैन पडत नाही.

आरोग्य हा विषय एडिंबरातल्या स्कॉटिश संसदेकडे सोपवलेला आहे. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने ही संसद स्थापन झाली आणि १९९९ पासून तिचे काम सुरू झाले. तिच्या १२९ सदस्यांपैकी ७३ मतदारसंघांतून आणि ५६ आठ प्रदेशांतून निवडून येतात, त्यामुळे प्रत्येक रहिवाशाला मतदारसंघाचा एक आणि प्रदेशाचे सात असे आठ प्रतिनिधी असतात. (माझ्याकडे अजून भारतीय पासपोर्टच आहे, तरीही राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून मला इथे मतदान करता येते, हे गावाकडच्या नातेवाइकांना पटवून देता देता मी थकले आहे.) आठांपैकी ज्या सदस्या शनिवारी वाचनालयात लोकांना भेटतात, त्यांच्याकडे मी गेले. त्यांनी वीस मिनिटे ऐकून घेतले आणि सरकारला लेखी प्रश्न विचारण्याचे मान्य केले.

प्रश्नाचा मसुदा मी लिहिला आणि त्यांच्या साहाय्यक मुलीने तो माझ्यासमोर दुरुस्त केला. माझ्या परिच्छेदात ‘लाजिरवाणी’, ‘अक्षम्य’ अशी विशेषणे होती, मावशींची हकिगत होती आणि शेवटी परदेशी दुभाष्यांना व्हिसा सुलभपणे द्यावा, अशी सूचनाही होती. मुलीने पेन्सिल घेतली. व्हिसाचे वाक्य पहिले गेले, कारण परदेशी नागरिकांचा प्रवेश हा लंडनने स्वतःकडे राखलेला विषय आहे आणि ज्या गोष्टीची जबाबदारी स्कॉटिश सरकारची नाही, ती त्याला विचारता येत नाही. मग विशेषणे गेली, कारण प्रश्नात मतप्रदर्शन चालत नाही. पाठोपाठ मावशीही गेल्या. उरले ते एकच वाक्य, तेही ‘स्कॉटिश सरकारला असे विचारायचे की’ या ठरलेल्या सुरुवातीचे: गेल्या तीन वर्षांत दुभाषी उपलब्ध नसल्यामुळे प्रत्येक आरोग्य मंडळात बाह्यरुग्ण तपासणीच्या किती भेटी रद्द झाल्या किंवा पुढे ढकलल्या गेल्या? माझा राग त्यातून पार नाहीसा झाला होता, पण वाक्य आधीपेक्षा जास्त टोकदार झाले होते, हे मला कबूल करावे लागले.

लेखी प्रश्नाला साधारणपणे कामकाजाच्या १० दिवसांत उत्तर यावे लागते. ते आले आणि चारच ओळींचे होते: दुभाष्यांची सोय करणे ही आरोग्य मंडळांची जबाबदारी आहे आणि मागितलेली माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही. मी चिडले. सदस्यांच्या कार्यालयातली ती मुलगी मात्र खूश दिसली. तिचे म्हणणे असे, की आजवर माहिती ठेवली जात नाही ही आपली शंका होती, आता ते मंत्र्यांच्या नावाने छापलेले विधान आहे. त्याला क्रमांक आहे, तारीख आहे, आणि ते कोणालाही पुढे करता येईल. प्रश्न विचारून माहिती मिळते, ही माझी समजूत होती. इथे प्रश्नाने माहितीचा अभाव नोंदवला होता आणि पुढच्या सगळ्या खटपटीत मला उपयोगी पडला तो हाच चार ओळींचा कागद.

तोंडी प्रश्नाचाही प्रयत्न झाला. आरोग्य खात्याच्या प्रश्नोत्तरांसाठी सदस्यांची नावे सोडतीने निघतात आणि आमच्या सदस्यांचे नाव दोनदा निघाले नाही. दर गुरुवारी दुपारी १२ वाजता फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे स्कॉटिश सरकारच्या प्रमुखांना, जे प्रश्न विचारले जातात, तेच टीव्हीवर गाजतात. पण माझ्यासारख्या किरकोळ, आकडेवारीच्या विषयाला तिथे जागा मिळणे कठीण, आणि मिळाली तरी त्या गदारोळात उत्तर कितपत मिळेल, याची मला शंका आहे.

मग मी माहिती स्वातंत्र्याच्या २००२ च्या स्कॉटिश कायद्याखाली चार मंडळांना अर्ज केले. (स्कॉटलंडमध्ये अशी प्रादेशिक मंडळे १४ आहेत.) मुदत कामकाजाच्या २० दिवसांची असते. दोघांनी आकडे दिले, पण एकाने टेलिफोनवरचे दुभाषी धरले होते आणि दुसऱ्याने वगळले होते; तिसऱ्याने माहिती काढण्याचा खर्च ६०० पौंडांच्या मर्यादेबाहेर जातो म्हणून नकार दिला; चौथ्याने रद्द होण्याचे कारण नोंदवलेच जात नाही असे कळवले. चार उत्तरे चार मापांची, त्यांची बेरीज करता येत नव्हती. एवढ्या सामग्रीवर मी संसदेकडे विनंती अर्ज करायचे ठरवले.

हा अर्ज कोणालाही करता येतो आणि त्यासाठी एकच सही पुरते. व्यक्तिगत प्रकरण मात्र चालत नाही, आणि आधी स्वतः पाठपुरावा केल्याचे दाखवावे लागते. म्हणजे मावशी पुन्हा एकदा वगळल्या गेल्या आणि लेखी प्रश्नाचे उत्तर पुराव्यादाखल जोडले गेले. अशा अर्जांनी काय साधते, असे मला अनेकांनी विचारले. स्त्रियांच्या शस्त्रक्रियेत योनिमार्गातून बसवल्या जाणाऱ्या कृत्रिम जाळीमुळे ज्यांचे आयुष्य वेदनेत गेले, त्यांच्यापैकी दोघींनी २०१४ साली असे अर्ज हाताळणाऱ्या संसदेच्या विनंती अर्ज समितीपुढेच अर्ज केला होता. २०१८ मध्ये त्या जाळीचा वापर थांबवण्यात आला आणि जाळी काढून घेण्यासाठी ज्यांनी पदरचे पैसे मोजले होते, त्यांना ते परत मिळावेत म्हणून २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. आठ वर्षे लागली, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

समितीची बैठक सर्वांना खुली असते आणि तिचे प्रक्षेपणही होते. एका बुधवारी सकाळी विमानतळासारखी तपासणी पार करून मी मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. महाराष्ट्रात माझे काका विधानमंडळाच्या सचिवालयात होते, त्यामुळे तारांकित प्रश्न, लक्षवेधी, आश्वासन समिती हे शब्द मी लहानपणापासून ऐकलेले. विनंती अर्ज समिती तिथेही आहे. पण आपल्याकडे समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, तर इथे खुद्द अर्जदार पाच हातांवर बसून ऐकू शकते, याचे मला अप्रूप वाटले. बोलता मात्र येत नाही. इथे दुसरे सभागृह नाही, म्हणून कायद्याची छाननी आणि सरकारवरची देखरेख ही दोन्ही कामे समित्यांच्याच शिरावर असतात, आणि एका सकाळी समोर येणारे अर्ज पुष्कळ असतात. माझ्या विषयाला सात मिनिटे मिळाली. तेवढ्यात अध्यक्षांनी संसदेच्या संशोधन विभागाने तयार केलेल्या टिपणाचा उल्लेख केला आणि सरकारचे प्राथमिक म्हणणे सांगितले, जे त्या चार ओळींचेच लांबवलेले रूप होते. एका सदस्याने पेन खाली ठेवून विचारले, की माहिती ठेवली जात नसेल तर सेवा पुरेशी आहे, हे सरकार कशाच्या आधारावर सांगते? त्या प्रश्नात एकही विशेषण नव्हते.

समितीने सरकारला आणि काही मंडळांना पत्रे पाठवायचे ठरवले. उत्तरे यायला पुढचे कित्येक महिने गेले. ती आली तसतशी प्रसिद्ध झाली आणि प्रत्येकावर मला माझे म्हणणे लेखी मांडता आले. मंडळांनी मला दिलेल्या उत्तरांपेक्षा समितीला दिलेली उत्तरे लांब होती आणि स्वर बराच मवाळ होता. माहिती काढण्याचा खर्च परवडत नाही म्हणणाऱ्या मंडळाने समितीला मात्र दोन पानी तक्ता पाठवला. सरकारने एकसारख्या नोंदीचा विचार करू, असे कळवले. ‘करू’ आणि ‘विचार करू’ यांतले अंतर मराठी माणसाला वेगळे सांगायला नको, आणि मी माझ्या शेवटच्या निवेदनात तेच, जरा सभ्य शब्दांत, लिहिले. त्यानंतर स्थायी नियमांतील १५.७ या नियमाखाली अर्ज बंद करण्यात आल्याचे पत्र आले. त्यात माझे आभार मानले होते, आणि हाच मुद्दा पुन्हा उपस्थित करायचा झाल्यास नवा अर्ज करता येईल, असेही म्हटले होते.

आमच्या रुग्णालयाच्या तारखेच्या पत्रावर आता भाषेसाठी एक चौकट आहे. ती माझ्या अर्जामुळे आली की मुलाच्या तक्रारीमुळे की आधीच ठरली होती, हे मला सांगता येणार नाही. गेल्या तपासणीच्या वेळी टेलिफोनवरचा दुभाषी ठरल्या वेळेला जोडला गेला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, दुभाष्याने तो मराठीत सांगितला, आणि मावशींनी आधी त्याचे गाव विचारले, मग दुखणे सांगितले.